मानसशास्त्रातला कोणता दृष्टिकोन खरा? सापाच्या भीतीवरून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: एफवायबीएला मानसशास्त्र घेतले आहे. पहिल्या प्रकरणात मनोविश्लेषण, वर्तनवाद, मानवतावाद, बोधनिक, जैविक, सामाजिक-सांस्कृतिक असे दृष्टिकोन आहेत आणि दुसऱ्यात संशोधन पद्धती. जो दृष्टिकोन शेवटी वाचावा तोच खरा वाटतो. मग यांतला बरोबर कोणता? आणि पद्धतींच्या प्रकरणाशी त्यांचा काही संबंध आहे, की परीक्षेपुरते दोन्ही वेगवेगळे पाठ करायचे?

संबंध आहे, आणि तो ध्यानात आला की पहिला प्रश्न बराचसा सुटतो. माणूस असा का वागतो याचे उत्तर कुठे शोधायचे, हे दृष्टिकोन सांगतो. शोधून जे हाती आले त्याच्या जोरावर किती बोलायचा आपल्याला हक्क आहे, हे पद्धत ठरवते. पुस्तकात दोन प्रकरणे वेगळी छापलेली असतात म्हणून ती वेगळी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक दृष्टिकोन कुठल्या ना कुठल्या पद्धतीला धरून वाढला आणि त्या पद्धतीचे दोषही त्याला चिकटले.

सगळ्या विषयांबद्दल सांगत बसले तर पुन्हा पुस्तकच होईल, म्हणून एकच विषय घेते: प्राण्यांची, मुख्यतः सापाची भीती. वर्गात शिकवताना मी हाच विषय घेते, कारण गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जवळजवळ प्रत्येक घराण्याने याच भीतीवर आपले हत्यार चालवून पाहिले आहे. त्यामुळे तुलना सोपी जाते.

त्याआधी एक अडसर दूर करायला हवा. भीती म्हणजे नेमके काय मोजायचे? भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे 58,000 माणसे दगावली असा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार त्यातले मुख्य गुन्हेगार. कोकणात भातकापणीला उतरलेली बाई पेंढी उचलण्याआधी काठीने ढवळून बघते, त्याला भयगंड म्हणायचे नाही, शहाणपण म्हणायचे. पण मुंबईत चौदाव्या मजल्यावर राहणारी मुलगी टीव्हीवर साप दिसेल म्हणून निसर्गावरचा कार्यक्रम लागला की खोली सोडून जाते, सहलीला नकार देते, वर्षानुवर्षे हेच चालते, तेव्हा गोष्ट वेगळी. प्रत्यक्ष धोक्याच्या आणि त्या परिसराच्या मानाने भीती फार मोठी आहे का, ती टिकून आहे का आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणते का, हे निदान करताना बघावे लागते. म्हणजे एकच वागणे एका ठिकाणी आजार आणि दुसऱ्या ठिकाणी खबरदारी ठरू शकते.

मोजायचे मार्ग ढोबळमानाने तीन. माणसाला विचारायचे: प्रश्नावली, मुलाखत. त्याचे वागणे बघायचे: पिंजऱ्यातल्या बिनविषारी सापाच्या तो किती जवळ जातो, काचेला हात लावतो का, साप उचलतो का. किंवा शरीराला विचारायचे: हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम. पीटर लँग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकातच दाखवून दिले की ही तीन उत्तरे नेहमी जुळत नाहीत. तोंडाने 'काही नाही वाटत' म्हणणाऱ्याचे ठोके वाढलेले असतात, आणि 'मी मरेन' म्हणणारी व्यक्ती प्रत्यक्षात पिंजऱ्यापर्यंत चालत जाते. म्हणून संशोधनात 'भीती' हा शब्द वापरण्याआधी आपण तिची कार्यात्मक व्याख्या कोणती केली, म्हणजे ती नेमकी कशी मोजली, हे सांगावे लागते. पुस्तकात ही व्याख्या दोन ओळींत उरकलेली असते. या उत्तरात मात्र ती पुन्हा पुन्हा भेटेल.

आता मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड. 1909 साली त्यांनी व्हिएन्नातल्या एका पाच वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पुस्तकांत तो 'छोटा हान्स' म्हणून येतो. त्याला घोड्यांची भीती होती, इतकी की तो रस्त्यावर जायला तयार नसे. फ्रॉइडचा अर्थ असा की घोडा म्हणजे वडील. आईबद्दलची ओढ आणि वडिलांबद्दलचा धाक नेणिवेत दडपला गेला आणि घोड्याच्या रूपाने वर आला.

पद्धत बघा. वडील स्वतः फ्रॉइडच्या वर्तुळातले. मुलाशी बोलायचे तेच, टिपणे काढायचे तेच, आणि ती फ्रॉइडला पाठवायची. उपचाराच्या काळात फ्रॉइड मुलाला एकदाच भेटले. एखादा वाहनाचा घोडा रस्त्यात कोसळताना पाहिला आणि तेव्हापासून हे सुरू झाले, असे मूल स्वतः सांगत होते. ते स्पष्टीकरण होतेच; पण विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार होते.

व्यक्ती-अभ्यास ही पद्धत टाकाऊ नाही, उलट आम्हा उपचार करणाऱ्यांचे तिच्यावाचून चालत नाही. एका माणसाची भीती कशी उगवली, घरात कोणाला काय वाटले, कधी वाढली, कधी उतरली, हा तपशील दुसऱ्या कुठल्या पद्धतीत मिळत नाही. नव्या कल्पना बहुधा इथेच सुचतात. पण कल्पना तपासायला ती पुरत नाही. मूल 'हो' म्हणाले तर सिद्धांत बरोबर, 'नाही' म्हणाले तर दडपले आहे म्हणून पुन्हा सिद्धांत बरोबर. कुठले उत्तर आले असते तर फ्रॉइड चुकले असे म्हणता आले असते, याचा पत्ता नाही. तोच मुलगा 1922 साली, तरुण झाल्यावर, फ्रॉइडना भेटायला आला. भीतीचा मागमूस नव्हता. आपली छापील हकिगत त्याने वाचली होती आणि तीत वर्णन केलेले त्याला काहीच आठवत नव्हते.

जाता जाता एक योगायोग. याच दशकात बर्लिनमध्ये दुसरा हान्स गाजत होता, आणि तो चक्क घोडा होता. मालक गणित घाली, घोडा खूर आपटून उत्तर देई. ओस्कार फुंग्स्ट यांनी 1907 साली उलगडा केला: प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा नापास. माणसाच्या मानेची बारीक हालचाल बघून तो थांबत होता. विचारणारा काहीही खूण करत नव्हता, निदान जाणूनबुजून नाही. आज औषधांच्या चाचण्यांत कोणाला खरे औषध मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही. त्या काळजीचे कारण या घोड्यात पुरेपूर दिसते. छोट्या हान्सचे वडील त्या मालकापेक्षा कमी प्रामाणिक होते असे म्हणायचे कारण नाही, पण प्रश्नाचे उत्तर त्यांनाही ठाऊक होते.

अशा अदृश्य नेणिवेला वैतागूनच जॉन वॉटसन यांनी 1913 साली जाहीर केले की मानसशास्त्राने दिसणाऱ्या वर्तनापुरतेच बोलावे. हाच वर्तनवाद. 1920 साली रोझाली रेनर यांच्यासह त्यांनी बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये केलेला प्रयोग तुमच्या पुस्तकात असणारच. अल्बर्ट नावाने ओळखले जाणारे बाळ, पांढरा उंदीर, मागे पोलादी दांड्यावर हातोड्याचा घणाघात. बाळ नऊ महिन्यांचे असताना त्याला उंदीर, ससा, कुत्रा, मुखवटे दाखवून बघितले, ते घाबरले नाही. अकराव्या महिन्यात उंदीर आणि आवाज यांची जोडी सात वेळा लावली. नंतर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडून दूर सरकू लागले, आणि ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही बिचकू लागले.

फ्रॉइडच्या तुलनेत पद्धतीत केवढी उडी आहे ती आधी मान्य करू. सुरुवातीची स्थिती मोजली. काय बदलायचे ते संशोधकांच्या हातात होते. अंदाज चुकला असता तर ते दिसले असते. एवढे केल्यावर दोष काढायला हरकत नाही, आणि दोष भरपूर आहेत. मूल एकच. ज्याला नुसते उंदीर दाखवले, आवाज ऐकवला नाही, असे दुसरे मूल तुलनेला नाही. वाढत्या वयात मुले तशीही अनोळखी गोष्टींना बिचकू लागतात, मग किती भाग आवाजाचा आणि किती वयाचा? बाळ घाबरले की नाही हे ठरवणारे तेच, ज्यांना ते घाबरावे असे वाटत होते. म्हणजे घोड्याची अडचण इथेही आहे. मधल्या काळात भीती विरू लागली तेव्हा ती पुन्हा आवाज करून ताजी केली गेली, ही गोष्ट पुस्तकांतून सहसा गळते. बेन हॅरिस यांनी 1979 साली एक लेख लिहून दाखवले की मूळ निबंध न वाचता एका पुस्तकावरून दुसरे पुस्तक लिहिण्याच्या सवयीमुळे या प्रयोगाभोवती किती दंतकथा जमल्या. काही पुस्तकांत तर शेवटी बाळाची भीती घालवलीही आहे! प्रत्यक्षात ती घालवलीच नाही. बाळ तिथून गेले. आजची कुठलीही नीतिसमिती हा प्रयोग पहिल्या पानावरच थांबवेल.

भीती घालवण्याचे काम 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी केले. पीटर नावाच्या लहान मुलाला सशाची भीती होती. तो खात असताना ससा दूर ठेवायचा, हळूहळू जवळ आणायचा. हाच धागा पुढे जोसेफ वोल्पे यांनी 1950च्या दशकात पद्धतशीर केला आणि आजही आम्ही त्याच पायऱ्यांनी काम करतो. जोन्स यांचे नाव पुस्तकांत वॉटसनच्या दहापट मोठे असायला हवे होते, असे माझे मत आहे.

पण वर्तनवादाला खरा धक्का त्याच्याच पद्धतीने दिला. वॉटसन बरोबर असतील तर कुठल्याही वस्तूची भीती शिकवता यायला हवी. 1929 साली इंग्लिश नावाच्या संशोधकाने लाकडी बदक वापरून तोच प्रकार केला, भीती बसेना. 1934 साली ब्रेगमन यांनी लाकडी ठोकळे, पडदे असल्या वस्तूंवर बाळांबरोबर पाहिले, तिथेही नाही. पुनरावृत्ती फसणे म्हणजे काहीतरी लाजिरवाणे घडले असे आपण समजतो. 2015 साली मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम 36 टक्क्यांत पुन्हा ठोस परिणाम दिसला आणि एकच बोभाटा झाला. तो व्हायलाच हवा होता. तरी लाकडी बदकाचे अपयश त्या काळच्या कित्येक यशांपेक्षा जास्त उपयोगी ठरले, कारण त्यातून नवा प्रश्न निघाला: उंदीर चालतो, मग बदक का चालत नाही?

हाच प्रश्न माझ्या उपचाराच्या खोलीतही रोज दिसतो. साप, कोळी, पाल, उंची, बंद लिफ्ट यांच्या भीतीने माणसे येतात. विजेच्या प्लगची भीती घेऊन फारसे कोणी येत नाही, जरी लहानपणी शॉक बऱ्याच जणांनी खाल्लेला असतो.

मार्टिन सेलिग्मन यांनी 1971 साली मांडणी केली की आपल्या पूर्वजांना ज्यांपासून धोका होता त्या गोष्टींची भीती शिकायला आपण जन्मतः तयार असतो. हा उत्क्रांतीवादी दृष्टिकोन. ऐकायला पटतो, आणि तिथेच सावध व्हायला हवे. पूर्वजांच्या नावावर काहीही खपवता येते. गुहेत कोणी जाऊन आलेले नाही. मग तपासायचे कसे?

सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी 1980च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर जे काम केले ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत देखणे काम वाटते, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. जंगलात वाढलेली माकडे सापाला घाबरतात. प्रयोगशाळेत जन्मलेली, साप कधीच न पाहिलेली माकडे घाबरत नाहीत. म्हणजे भीती तयार होऊन जन्माला येत नाही. पण प्रयोगशाळेतल्या माकडाला, दुसरे माकड सापाला बघून घाबरताना दाखवले, की तेही लवकरच सापाला घाबरू लागते, आणि ती भीती महिन्यांनंतरही टिकते. स्वतःला काही इजा न होता, नुसते बघून. घराघरांतून पालीची भीती आईकडून मुलीकडे कशी जाते याचा विचार करा.

पुढची पायरी खरी. त्यांनी चित्रफिती कापून जोडल्या. एका फितीत माकड खेळण्यातल्या सापाला बघून घाबरते आहे. दुसऱ्या फितीत तेच माकड, तीच किंकाळी, तीच धडपड, फक्त सापाच्या जागी फुले जोडलेली. जणू माकड फुलांना घाबरले. बघणारी माकडे दोन गटांत. निकाल: पहिली फीत बघणारी सापाला घाबरू लागली, दुसरी बघणारी फुलांना घाबरली नाहीत. खेळण्यातली मगर आणि खेळण्यातला ससा घेऊनही तसेच. मगरीची भीती लागली, सशाची नाही.

हा प्रयोग नीट समजला तर प्रायोगिक पद्धतीचे निम्मे प्रकरण समजले. स्वतंत्र चल, म्हणजे संशोधक मुद्दाम बदलतो ती गोष्ट, एकच: घाबरण्याच्या दृश्याला काय जोडले आहे. बाकी सगळे, अगदी घाबरणाऱ्या माकडाचा अभिनयसुद्धा, दोन्ही गटांत सारखे. परतंत्र चल, म्हणजे परिणाम म्हणून मोजायची गोष्ट: नंतर प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवल्यावर बघणारे माकड किती बिचकते, खाऊ घ्यायला हात पुढे करते की नाही. फरक पडला तर तो त्या एका बदलामुळेच, असे आता म्हणता येते.

आणि बघा, 'वर्तनवाद खरा की उत्क्रांती' हा प्रश्न इथे विरघळतो. भीती शिकावी लागते. पण काही गोष्टींची ती चटकन शिकली जाते आणि काहींची जवळजवळ नाहीच. दोघांनाही आपापली जागा मिळाली, आणि ती वादविवादाने मिळाली नाही, फीत कापणाऱ्या कात्रीने दिली. माकडांवरून माणसांबद्दल किती बोलायचे ही शंका राहतेच, पण माणसाच्या बाळाला जन्मापासून सापाशिवाय वाढवून मग घाबरवणे हा पर्याय आपल्याला नाही, नसावाही.

जैविक दृष्टिकोनाकडे वळते. अमेरिकेत एस. एम. या आद्याक्षरांनीच ओळखली जाणारी एक स्त्री आहे. एका दुर्मिळ आजाराने तिच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे अमिग्डाला निकामी झाले. बदामाच्या आकाराचा हा भाग भीतीशी जोडलेला आहे असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आधीच दिसत होते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधक तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात घेऊन गेले. ती आधी वारंवार सांगत आली होती की मला सापांचा तिटकारा आहे, मी त्यांच्यापासून दूर राहते. दुकानात मात्र तिने साप हातात घेतला, त्याच्या जिभेला बोट लावले, कुतूहलाने प्रश्न विचारले, आणि मोठे, जास्त धोकादायक साप हाताळण्याचीही परवानगी मागत राहिली. केवळ प्रश्नावली भरून घेतली असती तर 'सापांचा तिटकारा: होय' अशी नोंद झाली असती. सुरुवातीला सांगितलेले तीन मार्ग आठवा.

इथे मात्र व्यक्ती-अभ्यासच आहे, आणि त्यावर मी वर टीका केली आहे. फरक असा की इथे मोजमाप बाहेरून, बऱ्याच प्रसंगांतून झाले, आणि उलट निकालाला जागा होती. तो आलाही. 2013 साली तिला आणि तसाच आजार असलेल्या दोन जुळ्या बहिणींना कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिघींनाही भीतीचा जोरदार झटका आला. तेव्हा 'अमिग्डाला म्हणजे भीतीचे केंद्र' हे वाक्य, जे मोबाइलवरच्या निम्म्या व्हिडिओंत ऐकू येते, जसेच्या तसे टिकत नाही. बाहेरून येणाऱ्या धोक्याला तो लागतो. शरीराच्या आतून, श्वास कोंडल्यावर उठणाऱ्या घबराटीला त्याच्याशिवायही वाट आहे.

बोधनिक दृष्टिकोन म्हणतो, भीतीच्या मुळाशी त्या वस्तूबद्दलचा विचार असतो. आल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच कुळातली, आणि कि. मो. फडके यांच्या कामामुळे ती महाराष्ट्रात बऱ्याच वाचकांच्या ओळखीची आहे. सापाच्या बाबतीत या दृष्टिकोनाला आल्बर्ट बंदुरा यांच्या 1969च्या प्रयोगाची चांगली जोड मिळते. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सापाची तीव्र भीती असलेली माणसे बोलावली. प्रत्येक जण सापाच्या किती जवळ जाऊ शकतो हे आधी मोजले, आणि सगळे गट सारख्या घाबरटांचे होतील अशी जुळवणी करून वाटप केले. एका गटाने सापाशी निर्भयपणे वागणाऱ्या माणसांची फिल्म बघितली. दुसऱ्याने वोल्पेंच्या पद्धतीने अंग सैल सोडून मनात सापाचे चित्र आणले. तिसऱ्यासमोर एकाने प्रत्यक्ष साप हाताळला आणि मग त्यांच्या हाताला धरून, आधी हातमोजा घालून, मग न घालता, साप हाताळायला लावला. चौथ्या गटाला काहीच दिले नाही. चौथ्या गटात बदल नाही. पहिल्या दोघांत बराच. तिसऱ्या गटात 92 टक्के माणसांची भीती गेली. नंतर ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांनाही उपचार दिला.

विद्यार्थी इथे एक घोळ हमखास घालतात आणि परीक्षकही तो चालवून घेतात. जाहिरात वाचून आलेली माणसे हा यादृच्छिक नमुना, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेली माणसे, नाही. ज्यांना भीती सोडायची होती तीच आली. म्हणून 'सापाला घाबरणाऱ्या 92 टक्के माणसांना हा उपचार लागू पडतो' असे म्हणता येणार नाही. पण आलेल्यांना गटांत वाटताना निवड त्यांची नव्हती, त्यामुळे 'या माणसांत गटांमधला फरक उपचारामुळे पडला' हे म्हणता येते. नमुना कसा निवडला यावरून निष्कर्ष किती दूर न्यायचा ते ठरते; गटांत वाटप कसे केले यावरून कारण सांगता येते की नाही ते ठरते. दोन्हींना 'यादृच्छिक' हा एकच शब्द लावल्यामुळे गोंधळ होतो.

गंमत अशी की बंदुरा आले वर्तनवादाच्या वाटेने, आणि 1977 साली त्यांनी या बदलाचे स्पष्टीकरण दिले ते 'हे मला जमेल' या विश्वासाने, म्हणजे पूर्ण बोधनिक. पुस्तकातले चौकोन संशोधकांनी स्वतः कधी फारसे पाळले नाहीत.

माणसाच्या स्वतःला घडवण्याच्या क्षमतेवर भर देणाऱ्या मानवतावादी दृष्टिकोनाने सापाच्या भीतीवर फार काही सांगितलेले नाही, आणि ओढूनताणून सांगू नये. मात्र या घराण्यातले उपचारक कार्ल रॉजर्स यांचे एक काम पद्धतीच्या प्रकरणात असायला हवे: उपचाराची संपूर्ण सत्रे ध्वनिमुद्रित करून त्यांची अक्षरशः नक्कल त्यांनी 1942 साली छापली. त्याआधी बंद खोलीत काय बोलले गेले हे उपचारकाच्या आठवणीवर होते. 'मऊ' समजल्या जाणाऱ्या घराण्याने कडक पुरावा पुरवला, हे मला आवडते.

राहिला सामाजिक-सांस्कृतिक दृष्टिकोन. त्यासाठी आपल्याच राज्यातला एक संभाव्य अभ्यास मांडते. सांगली जिल्ह्यातले बत्तीस शिराळा नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे जिवंत नाग पकडून पूजा करण्याची परंपरा होती. वन्यजीव संरक्षण कायदा आणि उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे त्यावर बंधने आली. समजा तुम्हाला वाटले, तिथली मुले सापाला कमी घाबरत असतील. कसे तपासाल?

शिराळ्यातली आणि दुसऱ्या एखाद्या तालुक्यातली मुले घेऊन भीतीची प्रश्नावली भरून घेतली आणि शिराळ्याचे गुण कमी आले, तर हाती आला तो सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढेच. कारण अजून दूर आहे. कदाचित शिराळ्यात 'मला भीती वाटते' असे कागदावर लिहायलाच मुलगे लाजत असतील. म्हणजे भीती तेवढीच, कबुली कमी. कदाचित दुसऱ्या तालुक्यात घोणशीचे दंश जास्त होत असतील आणि तिथल्या मुलांची भीती रास्त असेल. प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणलेली असेल तर 'साप' म्हटल्यावर शहरी मुलाच्या डोळ्यांसमोर जे येते तेच शिराळ्याच्या मुलासमोर येते का, की तो मनात नाग, धामण, दिवड वेगवेगळे करतो आणि धामणीला घाबरत नाही, नागाला घाबरतो? धामण आणि नाग यांची चित्रे वेगवेगळी दाखवून विचारले तर हा प्रश्न सुटू शकेल. मोठ्यांना विचारायचे झाले तर बंधनांआधी वाढलेली पिढी आणि नंतर वाढलेली पिढी यांची तुलना करता येईल, पण दोन पिढ्यांत मोबाइल, शिक्षण, शेतीही बदलली आहे. मुलांना चिठ्ठ्या टाकून गावे वाटून देता येत नाहीत, तेव्हा मिनेकांसारखा ठाम निष्कर्ष इथे कधीच मिळणार नाही. तरी अभ्यास करावा. जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी 2010 साली दाखवून दिले की मानसशास्त्रातले बहुसंख्य निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, श्रीमंत समाजांतल्या माणसांवरून, त्यातही बऱ्याचदा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत. ज्या समाजात साप हा शेजारीही आहे आणि देवही, तिथली भीती कशी असते याबद्दल त्या निष्कर्षांना काय ठाऊक?

आणि हो, मुलांना प्रत्यक्ष साप दाखवायचा असेल तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतील. मधेच 'नको' म्हणायची मुभाही त्याला हवी. अल्बर्टला ती नव्हती.

परीक्षेचे म्हणाल तर दृष्टिकोन पाठ करा, त्याला इलाज नाही. चार गुणांच्या टिपा येतातच. पण प्रत्येक दृष्टिकोनाखाली त्याचा एक अभ्यास लिहा आणि त्याला विचारा: कोणावर केला, तुलना कोणाशी, काय आणि कसे मोजले, मोजणाऱ्याला अपेक्षित उत्तर ठाऊक होते का, आणि उलट निकाल आला असता तर काय मानले असते. वॉटसन आणि फ्रॉइड यांच्यावर हे करून पाहा, मग बंदुरावर. शेवटी वाचलेला दृष्टिकोन खरा वाटायचा बंद होईल.

प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी सर्वेक्षण करणार असाल तर वर्गातल्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर गूगल फॉर्म टाकून 'महाराष्ट्रातील युवकांमधील भीती' असे शीर्षक देऊ नका. 'एका महाविद्यालयातील प्रथम वर्षाच्या विद्यार्थिनींनी स्वतः नोंदवलेली भीती' असे लिहा. गुण कदाचित तेवढेच मिळतील, पण तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाने 'नमुना कसा निवडलात?' असे विचारले तर उत्तर शीर्षकातच असेल.